चाल काढून टाकल्यावर

दिल्ली, ४ डिसेंबर १९९७

ती. दुर्गाआत्यास रघुनाथचा सा. न. वि. वि.

फोन करत नाही, कारण धड बोलताच येत नाही. घशात गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टरसाब म्हणतात, आवाजाची पेटीच काढावी लागेल, उशीर नको. मी अजून होकार दिलेला नाही.

आत्या, आमच्या रॉक बँडपुढे लोक नाचले ते माझ्या ओरडण्यावर. गाणी मीच लिहायचो, पण शब्द कुणी ऐकले देव जाणे. आवाज गेला की उरतात फक्त ते शब्द. तेच पोकळ असतील, तर गळा कापून घेऊन जगायचं कशासाठी? झाशीच्या शाळेत तू जन्मभर कविता शिकवलीस आणि फुकटचे मार्क कुणाला दिले नाहीस, मलासुद्धा. सगळी गाणी पाठवतोय. चाल, गिटार विसरून वाच आणि खरं लिही. फार घाबरलोय गं.

निकाल काहीही लागो, लोभ असू दे.

तुझा रघू

दिल्ली, ५ डिसेंबर

ती. वन्संस अनुसूयेचा सा. न.

रघूनं तुम्हाला गाणी पाठवल्याचं आज कळलं. वन्सं, पाया पडते, छान आहेत म्हणून लिहा. तुमचा स्वभाव ठाऊक आहे म्हणून हात जोडते. तो जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. हे गेल्यावर मला त्याच्याशिवाय आहे कोण? एकदा खोटं लिहिलंत तर तुमचं काय जाणार आहे? पोरगा वाचेल माझा.

आपली माया राहो, आत्ता तिची फार गरज आहे.

अनुसूया

नगरा, झाशी, ११ डिसेंबर

चि. रघुनाथ यास दुर्गाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि गाणी मिळाली. तुझ्या आईनं छान लिहा म्हणून कळवलंय. तिला रागावू नकोस, मलाही तोच मोह झाला. पण माझं खोटं तू पहिल्याच ओळीत पकडशील आणि मग माझ्या कशावरच भरवसा ठेवणार नाहीस.

तर ऐक. शाळेत करायची तेच केलं. हजेरी घ्यावी तशी सपाट आवाजात सगळी गाणी वाचली. बहुतेक गळून पडली. ती आग, ती बगावत, ते टूटे सितारे, सगळं उसनं, एकदम बकवास. तुझ्या आवाजानं ते उचलून धरलं होतं, इतकंच.

मग ते बसचं गाणं आलं. 'माँ आँख से नहीं, कान से रस्ता देखती है.' तुम्ही इथं झाशीत होतात तेव्हा जवळच्या बरुआसागरला लग्नात वाजवून तू शेवटच्या बसनं यायचास आणि अनुसूया चुलीपाशी कान देऊन बसायची. मी दर वेळी पाहायची, पण मला हे असं सांगता आलं नसतं. ती ओळ डोक्यात घेऊन मानिक चौकात जिरं आणायला गेले आणि मोहरी घेऊन आले. त्या ओळीला ना चाल लागते, ना तुझा गळा. दुसरं कडवं मात्र कच्चं आहे. त्यातली ती पुलिया, तो रस्त्यातला छोटा पूल, काढ, उगाच यमकासाठी आणलीयेस.

एका ओळीवर माणूस जगतो का, मला माहीत नाही. पण ती लिहिणारा मला हवा आहे, रघू. होकार दे. तुझ्यापुढे पदर पसरते.

उत्तर लिहिण्याइतका तरी लोभ ठेव.

दुर्गाआत्या

दिल्ली, २३ डिसेंबर

ती. वन्संस अनुसूयेचा सा. न.

तुमचा इतका राग आला की पत्र फाडणारच होते. रघूनं ते हातातून काढून घेतलं, पुन्हा पुन्हा वाचलं आणि डॉक्टरांना होकार दिला. ऑपरेशनला आत नेण्याआधी घोगऱ्या आवाजात मला आई म्हणाला. आता ती हाक नाही. तो समोरच असतो, तरी माझे कान त्याची वाट पाहतात. काय करू मी, वन्सं?

गाठ पूर्ण निघाली म्हणतात, पुढचं देवावर. काल त्याच्या हाती पाटी दिली. वाटलं, पाणी मागेल. त्यानं लिहिलं, आत्याला कळव, पुलिया काढणार नाही. बस तिथंच हळू होते, आणि आईला ती तिथूनच ऐकू येते.

त्याच्याशी अशाच भांडत राहा, एवढीच माया मागते.

अनुसूया