हाताला कोमट लागलेलं पाणी

पिंपरी
१२ डिसेंबर १९७४

सरुआक्काच्या पायी धाकट्या दादूचा दंडवत.

पोरगी बरी आहे, काळजी करू नकोस. वरचं दूध पचतंय. हौसाला जाऊन उद्या महिना होईल. मी शिफ्टला गेलो की शेजारच्या झुलेखाचाची पोरीला सांभाळतात. अंघोळ मात्र मीच घालतो.

रविवारी एक चूक झाली. पाण्यात हात घालून पाहिला, कोमट लागलं. पहिला तांब्या पायावर ओतताच पोर कळवळली. चाची धावत आल्या, पायावर गार पाणी ओतत राहिल्या. पाय लाल झाला, पण फोड आला नाही. मग त्यांनी माझे तळहात बघितले. म्हणाल्या, "तीन वर्षं भट्टीवर काम करतोस, या घट्ट्यांना काय कळणार? कोपर बुडवून बघत जा."

आता बादलीत आधी गार पाणी घेतो, मग ऊन. कोपर बुडवल्याशिवाय पोरीला पायांवर घेत नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? बारशाला तू ये, नाव आत्यानंच ठेवायचं.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो, आईला वाचून दाखवू नकोस. बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी हौसा म्हणाली होती, अंग तापलंय, डॉक्टरकडे नेता का. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणालो, काही नाही, गार आहेस.

दोन दिवस मी तसाच हात लावून बघत होतो.

तुझा भाऊ,
दादू