भरलेले गाल

मंचर,
४ डिसेंबर २००६

चि. गोरख यास,
अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. आई माझ्याकडे पोचली. घरात आरतीला आणि श्रेयाला सांग.

फोन तू मध्येच ठेवतोस, म्हणून लिहिते आहे.

कांद्याची लावण तोंडावर आली, आईला गुरुवारच्या गाडीत बसवून दे, हा तुझा निरोप तुझ्या शेजारच्या हौशीरामने इथे येऊन दिला. वर हसत म्हणाला, "अक्का, तुमच्या आईनं लई अंग धरलंय राव. लेकीच्या घरी आजून किती दिस खानार?"

पावसाळ्यात बोरीला आपल्या आळीत चिकुनगुनिया घरोघर फिरला. तुझ्या गोठ्यामागे फवारणीचे ड्रम पाण्याने भरून उघडे असायचे. त्यात डास होतात, आठवड्यातून एकदा उपडे करून कोरडे ठेवा, असं सांगायला आरोग्य केंद्रातली कुशाबाई येत होती. तू तिला म्हणालास, "नळाला पानी चार दिसांनी येतंय बाई. तुमी आनून वतता का?" सगळे हसले. तीही हसली. पुढे आधी तुमच्या घरातली, मग हौशीरामकडची, मग अख्ख्या आळीतली माणसं भिंत धरून चालायला लागली.

तो राग मी गिळला असता. पाणी खरंच येत नाही.

ताप उतरला, पण आईचे सांधे आखडलेलेच राहिले. भाकरी थापताना मनगट वळेना. हे दुखणं महिनोन्‌महिने टिकतं, तिला बसू दे, असं मी सांगितलं होतं. तू तिला बाजारच्या दिवशी डॉक्टरकडे नेऊ लागलास. दर बाजाराला एक इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी आई खुरपायला वाकायची. गुण आला, असं तू गावभर सांगितलंस. गाल भरले, तेव्हा कुणाची नजर लागू नये म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून तुम्ही तिची दृष्ट काढलीत.

गोरख, ते मांस नव्हतं. सूज होती. इथल्या डॉक्टरांनी तिचं तोंड बघूनच विचारलं, स्टेरॉइडची इंजेक्शनं कोण देत होतं?

वर लिहिलं, पोचली. एसटीतून उतरताना ती पायरीवरच बसली. इंजेक्शनच्या जागी गळू झालं होतं. साखर एवढी वाढली आहे की जखम भरत नाही. काल चिरलं. ती माझ्या घरी नाही, दवाखान्यात आहे.

शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "गोरखला काय बोलू नगंस. त्याला लावनीला मानसं मिळत न्हाईत." मग मला खाली वाकवून कानात, "अंजे, येक सुई द्याया सांग ना. सकाळच्या गाडीनं जाते."

मी व्हरांड्यात येऊन उभी राहिले. तुला शिव्या द्यायच्या होत्या. तिथे परक्या बायका बसल्या होत्या.

ते औषध एकदम तोडताही येत नाही म्हणतात. हळूहळू उतरवणार आहेत. ते झाल्यावरही ती तुझ्या वावरात उतरणार नाही. तिला यायचं आहे. त्यासाठी रडते, माझ्याशी बोलत नाही. तरी मी पाठवणार नाही.

माणसं मिळत नसतील तर वावर पडीक ठेव.

भेटायला ये. न्यायला येऊ नकोस.

तुझी थोरली बहीण, आणि आता तुझ्या वाटेत आडवी उभी,
अंजना