भाजीच्या कप्प्यातल्या बाटल्या

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचा फोन आला, म्हणून हे पत्र लिहावे लागते आहे. फ्रीजमध्ये भाजीखाली तिला तुझ्या रक्त गोठवणाऱ्या इंजेक्शनांच्या बाटल्या सापडल्या. दवाखान्यातून महिन्याच्या महिन्याला आणतोस आणि टोचून घेत नाहीस. विचारले तर म्हणालास, नातवासाठी साठवतोय.

बाळाला तुझाच हिमोफिलिया निघाला, याचे दुःख मलाही आहे. पण तुझा कोपर आखडला, घड्याळाचा स्क्रू चिमट्यात धरवत नाही, आणि गिऱ्हाइकांना सांगतोस की हातावर झोपलो होतो. बाळाचे औषध दवाखाना त्याला देईल. तू तुझे आजच्या आज टोचून घे. सबबी नकोत.

रागावलेली आणि तुझीच,
ताई

दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचता वाचताच कान लाल झाला. तू धरायचीस तोच. दवाखाना देईल म्हणतेस. आपल्या लहानपणी हे औषध नव्हते. पुढे आले, तेही मध्येच संपायचे. गुडघ्यात रक्त साचले की मी कसा ओरडायचो, ते दाराबाहेर उभी राहून तूच ऐकलेस. ते पोर तसे ओरडलेले मला ऐकवणार नाही. माझ्याकडून लेकीत गेले, लेकीकडून त्याच्यात. वारसा म्हणून एवढेच दिले, असे नको व्हायला.

कालपासून डोके ठणकते आहे. चष्म्याचा नंबर वाढला असेल. घरात सांगू नकोस, इथे तुझ्याहून कडक अंमल आहे.

लोभ आहेच, ओरडाही चालू दे.
तुझा धाकटा

दि. २ मार्च

चि. सौ. भाचीस अनेक आशीर्वाद.

बाबांच्या बाटल्यांचे काय केले, असे तू विचारलेस.

त्याच्या पत्रात डोकेदुखीचे वाचताच मी निघाले. पोचले तोवर त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तुझ्या आईने बाटल्या दवाखान्यात बरोबर नेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, दुखायला लागले तेव्हाच ही इंजेक्शने टोचली असती तर. त्याच रात्री तो गेला.

उरलेल्या बाटल्या बाळासाठी घ्या म्हणून मी काल दवाखान्यात नेल्या. घरी ठेवलेले औषध दुसऱ्या रोग्याला देता येत नाही, असे नर्सने सांगितले. मी वाद घातला. तिने खुर्ची दिली. बाळाचे औषध त्याच्या नावाने आधीच आले आहे. तूच येऊन घेऊन जा.

मी परत गेल्यावर आईला एकटी ठेवू नकोस. स्वतः जेवत जा.

तुझी,
आत्या

ता. क. नर्सच्या हाती दिल्या: बाबांच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या, सील न फोडलेल्या, नष्ट करण्यासाठी. सही मी केली.