तेनोरची वही

विचेन्झा, ४ ऑक्टोबर १५६२

ती. ताद्देआताईस सा. न. वि. वि.

ताई, पुरता अडकलोय. रेशीमवाल्या शेठजींची, मेसेर ग्वाल्तिएरोंची मुलगी इझोत्ता मला हवी आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्यांनी अठरा तारखेला जेवायला बोलावलंय, वर घोकायला गाण्याची वही पाठवलीय, तेनोर की काय म्हणतात त्या पुरुषी आवाजाची. त्यांच्याकडे जेवणानंतर टेबलाभोवती बसून गातात. ज्याला येत नाही तो अडाणी. मी जन्मभर लोकर रंगवली, मला काय कळतंय? लवकर शिकव, नाहीतर तो लांब मानेचा वकील तिला घेऊन जाईल.

मायेत काटकसर नको.
तुझा तेओफिलो

व्हेनिस, ९ ऑक्टोबर

चि. तेओफिलोस अ. उ. आ.

घाबरू नकोस, गाढवा. या गाण्यांत एक माणूस असतो आणि तो मरत असतो. ती बघते म्हणून मरतो, बघत नाही म्हणूनही मरतो. वैद्याकडे धावू नकोस, पुढच्या गाण्यात तो ठणठणीत असतो. शब्दांत डोंगर आला की सूर वर चढतो, उसासा आला की सगळे मध्येच थांबतात. तेव्हा खोकू नकोस. संपल्यावर लगेच वाहवा करायची नाही, आधी जरा खिन्न दिसायचं. आमचे यजमान वीस वर्षं एवढ्यावरच जाणकार म्हणून मिरवताहेत.

गाणं आलं तरी ताईवर लोभ ठेव.
ताद्देआ

विचेन्झा, १९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

ताई, शोभा झाली. वही तोंडपाठ होती. पण सुरुवात झाली आणि बाकीचे तिघे तीन भलत्याच चाली गायला लागले! मला वाटलं, हे चुकताहेत. मी उभा राहून सगळ्यांना थांबवलं, ‘गाणं असं नाहीच’ असं सांगितलं, आणि माझी चाल एकट्याने शेवटपर्यंत म्हणून दाखवली. वकील हसून हसून खुर्चीतून पडायचाच बाकी होता. मेसेर म्हणाले की आता आपण निघावं. गडबडीत वही बगलेतच राहिली. महिनाअखेरीस परत पाठवतो आणि विषय संपवतो. इझोत्तावाचून मला फार जड जाणार आहे, ताई.

तुझा मूर्ख भाऊ

व्हेनिस, २३ ऑक्टोबर

चि. तेओफिलोस अ. उ. आ.

चूक माझी. चार वह्यांत चार चाली असतात आणि त्या मिळून एक गाणं होतं, एवढंच सांगायचं राहिलं. आम्हा जाणकारांचं हे असंच. पण वही पाठवलीस तर बघ! तिच्यावाचून त्या घरात एक गाणं पुरं व्हायचं नाही. मेसेर एक वेळ उपाशी राहतील, पण पाहुण्यांपुढे अर्धवट गाणार नाहीत.

धीर आणि लोभ, दोन्ही धर.
ताद्देआ

विचेन्झा, ५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

मेसेर स्वतः आले! दोन रविवार गाणं नाही. वकील पाहुण्यांना खटले सांगत बसला आणि पाहुणे पळाले. त्यांनी वही मागितली, मी मुलगी मागितली. त्यांनी घरी जाऊन इझोत्तालाच विचारलं. ती म्हणाली की आपल्या टेबलाशी न कळलेलं कळल्यासारखं दाखवणारे पुष्कळ आहेत, कानाला चुकीचं वाटलं ते तोंडावर सांगणारा हा एकटाच. ताई, मला रडू आलं.

लग्न जानेवारीत आहे. अट एकच, मी जन्मात गायचं नाही, नुसतं ऐकायचं. अट मेसेरांची नाही, तिची आहे.

आता दोघांवर लोभ कर.
तेओफिलो