रानातली हाक

१७ सप्टेंबर १९९८, परतूर

आज वडलांना, आबांना, घेऊन मंठ्याकडच्या रानातली हुतात्म्यांच्या आठवणीची पायवाट बघायला गेल्तो. रझाकारांच्या वेळी ते अन् त्यांचे साथीदार याच रानात लपायचे. त्यांच्यातल्याच, इथंच मारल्या गेलेल्या गणपतकाकाच्या नावाच्या दगडाचा फोटो काढला, वळून बघतो तर आबा गायब! "आबा! ओ आबा!" ओरडून ओरडून घसा बसला.

सापडले कुठं, तर त्याच दगडामागं बोरीच्या आड, उकिडवे, श्वास रोखून. सगळं ऐकत बसले होते. घरी पण पहिल्या हाकेला ओ देत न्हाईत. बहिरेपणा म्हणायचो आम्ही.

भडकलोच मी. "ओ का न्हाई दिली?"

"रानात हाक आली की ओ द्यायची नसती," आबा पुटपुटले. "गणपतनं दिल्ती."