सावकाश केलेली करवत

ता. ९ ऑक्टोबर, दुपार

चि. भुंग्या,

आशीर्वाद. तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील, असं धरून चालतो. इकडे मी आणि सूनबाई, दोघंही ठीक आहोत. कारखान्याच्या दाराची कडी नवीन बसवली. मांजरीला पिल्लं झाली, त्यातलं एक अगदी तुझ्यासारखं, दिवसभर गुणगुणत बसतं.

अक्षर मोठं आलंय आणि जाड स्केचपेननं लिहिलंय, त्याला हसू नकोस. फोन का केला नाही, तर फोनवर सूनबाई शेजारीच असते, आणि मला जे सांगायचंय ते निघालं की ती हमखास विषय बदलेल. शिवाय फोनवर मी सहज थाप मारतो. कागदावर ते जमत नाही.

आधी बातमी. आपली पट्टा करवत आता लोखंड कापते.

हो, तीच. जिच्या आसपास लहानपणी तुला फिरकू देत नव्हतो, ती. तुझ्या बायकोनं तिचा पार स्वभावच बदलून टाकलाय. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची मुलगी घरात आणली तेव्हा वाटलं होतं, चला, घरातलं शिवणयंत्र तरी धड चालेल. ही तर माझ्या करवतीवर येऊन बसली.

झालं असं. उन्हाळ्यात एक दिवस ती म्हणाली, बाबा, पलीकडच्या गल्लीतल्या वेल्डरला पाइप आणि सळया कापून हव्यात. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, तुला आठवत असेल. तो ग्राइंडरनं कापतो, त्या आवाजानं शेजारी वैतागलेत. आपण कापून देऊ. मी म्हणालो, लाकडाची करवत लोखंडाला लावशील तर पात्याचे दात एका दमात झडतील. लाकडाला पातं वाऱ्यासारखं पळावं लागतं, लोखंडावर तसं पळवलं की तापून मरतं.

"म्हणून तर तिला सावकाश करायचीय," ती म्हणाली.

मी रुसलो. खोटं कशाला सांगू? जेवायला बसलो तरी तोंड भिंतीकडे. तिनं काही मनावर घेतलं नाही. मोटरवर लहान पुली, करवतीवर मोठी पुली, असं करून पहिला प्रयोग केला. पातं अजूनही फार जोरात पळत होतं. सळई लावली, कर्रकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि पातं म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखं बोडकं झालं. मला आतून बरं वाटलं. तेवढ्यात वास आला. करवतीच्या पोटात वर्षानुवर्षं साठलेला भुसा धुमसायला लागला होता. मी नुसताच 'अगं, अगं' करत राहिलो. तिनं बटण बंद केलं, झाकण उघडलं आणि पाण्याची बादली शांतपणे आत रिकामी केली.

मला वाटलं, हौस फिटली. दुसऱ्या दिवशी ती ब्रश आणि जुनी चिंधी घेऊन करवतीत अर्धी शिरली. इतक्या वर्षांत मी जे कोपरे पाहिले नाहीत तिथून तिनं भुसा काढला. म्हणाली, यापुढे या यंत्राजवळ भुशाचा कणसुद्धा नको. लाकूड आणि लोखंड एका घरात नांदणार नाहीत.

मग भंगारवाल्याकडून तिनं एक गिअरबॉक्स आणला, बंद पडलेल्या बेकरीतल्या पीठ मळायच्या यंत्राचा. तो धुतला, त्यात तेल घातलं, वेग आणखी उतरावा म्हणून मोटर आणि करवत यांच्या मध्ये बसवला. लोखंडाचं बारीक दातांचं पातं आणलं. पातं फिरवणाऱ्या चाकाच्या रबरावर लोखंडाचा कीस चिकटू नये म्हणून तिथे भांडी घासायचा ब्रश टेकवून ठेवला. टेबलावर सरकता पाट केला, त्याला दोरी बांधून दोरीच्या टोकाला तराजूचं वजन लटकवलं. सळई पाटावर आवळायची, बटण दाबायचं आणि हात मागे घ्यायचा. वजन सळईला पात्याकडे आपोआप ओढत नेतं. माप घ्यायलाही नको, हव्या त्या मापावर पक्क्या केलेल्या अडणीला सळई जाऊन टेकली की माप झालं.

भुंग्या, पहिली सळई कापली गेली तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. आरडाओरडा नाही, ठिणगी नाही. म्हातारी जात्यावर दळत बसावी तसा एकसारखा आवाज. शेवटी आवाज जरा पातळ झाला आणि तुकडा टपकन खाली पडला. कापलेल्या तोंडावरून मी बोट फिरवलं. इतकं सरळ मला लाकडातही दर वेळी जमलेलं नाही. रुसवा तिथेच संपला. तिला शाबासकी द्यायची होती, पण म्हणालो, दोरी जरा आखूड कर.

आता जे सांगायचं टाळतोय ते सांगतो.

माझे डोळे जातायत. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. पेन्सिलीची रेघ बघायला जावं तर रेघच गायब. डॉक्टर म्हणाले, कडेचं राहील, मधलं परत यायचं नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. लाकूड नखानं चाचपून कापत होतो. उन्हाळ्यात एका खुर्चीचा हात कापताना पातं अंगठ्याचं टोक घेऊन गेलं. मी सांगितलं, पटाशी लागली. सूनबाईनं पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी तिनं लोखंडाचा विषय काढला.

मला दोन्हींचा संबंध लागला नाही बघ. तो ठिणगीच्या बोलण्यातून कळला. परवा पाइप न्यायला आला, तुकड्यांचं कौतुक करता करता बोलून गेला.

"काका, तुमच्या सूनबाई मला पहिल्यांदा काय विचारायला आल्या माहितीय? न बघता, नुसतं हातानं आणि कानानं होईल असं तुमच्याकडे काय काम आहे?"

मग त्यानं जीभ चावली आणि पाइप खांद्यावर टाकून चालता झाला.

मी आत गेलो. ती ब्रशमधला कीस झटकत होती. तुला कधीपासून माहीत आहे, म्हणून विचारलं.

"अंगठ्याच्या आधीपासून. कप ठेवायच्या आधी तुम्ही बोटानं टेबल शोधता, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तोवर करवत सावकाश करून घेतली."

माझी करवत बंद कर असं तिला सहज म्हणता आलं असतं. तू म्हणाला असतास, मीही माझ्या बापाला म्हणालो असतो. तिनं करवतीतला माझं बोट घेऊ शकणारा वेग काढून घेतला आणि मला माझ्या कारखान्यात, माझ्या स्टुलावर बसवून ठेवलं. आता दिवसभर सळया मी कापतो. तुकडा पडायच्या आधी मला कळतं.

आणि तू? तू तिकडे घर घेतलंस, तिला जूनमध्ये बोलावलंस. ती आज येते, उद्या येते करत राहिली. तू विचारलंस तेव्हा कारखान्यात काम आहे म्हणाली. तू चिडलास. आता फोनवर दोन शब्द बोलून ठेवून देतोस. मला दिसत कमी असलं तरी ऐकू येतं. तुझा फोन ठेवल्यावर ती नळ सोडून उगाच भांडी घासत बसते. तुला यायचंच नसेल तर तसं सांग, असं तू तिला म्हणालास, तेही ऐकलं. तिला एका वाक्यात सुटता आलं असतं. बाबांना दिसत नाही, एवढंच सांगायचं होतं. माझी गोष्ट मी सांगायच्या आधी ती सांगायची नाही, म्हणून तिनं तुझा राग पोटात घातला.

काल मी तिला म्हणालो, आता तू जा. ती म्हणाली, पातं एकट्यानं बदलून दाखवा, मग बघू. हाताची घडी घालून समोर बसली. मी जुनं पातं उतरवलं, नवं चढवलं, दातांची दिशा बोटानं तपासली, ताण देऊन पात्याला टिचकी मारली आणि सूर लागेपर्यंत आवळलं. ती उठली. चाक हातानं फिरवून बघितलं, पुन्हा फिरवून बघितलं. दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडलं नाही. मग माझ्या खांद्याला डोकं टेकून रडली. मीही मागे राहिलो नाही.

संध्याकाळी तिनं माळ्यावरून बॅग काढली. ठिणगी रोज सकाळ-संध्याकाळ डोकावून जाणार आहे, पाइप न्यायच्या निमित्तानं. पुढे कुणी कुठे राहायचं ते तुम्ही दोघं बसून ठरवा, माझा धाक धरू नका. ती या रविवारी निघतेय. तिला घ्यायला गाडीवर स्वतः जा, बॅग तू उचल, आणि कारखान्याबद्दल विचार. तिला सांगायला आवडतं, पण कुणी विचारल्याशिवाय ती सांगत नाही.

तुझा, आणि तुझ्या आधी तिचा,
बाबा