काकूंचा भला एजंट
मंगळवार संध्याकाळ, शुगर लँड, अमेरिका

शेजारच्या विद्याकाकूंचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. काका गेले आणि त्यांच्या आजारपणाची बिलं क्रेडिट कार्डांवर चढली. "बँकेचे फोन उचलू नका, आम्ही सगळं कर्ज मिटवतो," असं सांगून एक एजंट वर्षभर काकूंकडून फी घेत राहिला. बँकेला काहीच पोचलं नाही. आता कोर्टाची नोटीस आलीय.

आज त्याची फी बंद करवली. उद्या काकूंना फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेत नेते. उशीर झाला, पण निदान...

काकूंच्या फोनवर त्याचा नंबर ब्लॉक करायला गेले, तर त्या म्हणाल्या, "थांब गं. त्याच्या मुलीचं ऑपरेशन होतं. कसं झालं, तेवढं विचारू दे."

ती मुलगी तरी खरी असेल का? फोन त्यांच्या हातात परत दिला.